कुणाचं नाव वर

"वहिनी, तुम्ही काही दाबलं का?"

"मी? मी कशाला काय दाबतेय? नुसता चालू केला मी."

दसऱ्याची सकाळ होती. प्रेसच्या दाराला झेंडूचं तोरण, छपाईच्या मशीनला हार आणि माझ्या टेबलावर लॅपटॉप उघडा. त्याचा पडदा काळा ठार. वरच्या कोपऱ्यात इंग्रजी अक्षरांत 'ग्रब' लिहिलेलं, पुढं बाणाचं एक टोक, आणि बस्स. ना माझं विंडोज, ना तिचं लिनक्स. मी बंद केला, परत चालू केला. परत तेच.

मृणाल माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. मृणाल म्हणजे माझी धाकटी जाऊ. यवतमाळची. कॉम्प्युटरमध्ये एम.एस्सी. झालेली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

"हे काहून असं करून राहिलं?" ती स्वतःशीच पुटपुटली.

"ते तुलाच ठाऊक. एका मशीनमध्ये दोन-दोन घुसवल्यावर दुसरं काय होणार?"

"काय झालं गं?" आतून सासूबाईंचा आवाज आला. घर आणि प्रेस एकाच इमारतीत, मध्ये नुसतं एक दार. आत पुरणाचा घाट चालला होता.

"लॅपटॉप गेला, आई!" मी चांगलं मोठ्यानं सांगितलं. "मृणालनं ते कायसं घातलं होतं ना, त्यानं सगळं खाल्लं!"

आता इतक्या वर्षांनी लपवून काय करायचंय? मला बरं वाटलं. माझं काम अडलं होतं, त्या दिवशी घोरपडे म्हणून गिऱ्हाईक, त्यांना लग्नपत्रिका दाखवायची होती, तरीसुद्धा मला आतून गार गार वाटलं.

का वाटलं ते सांगते.

विट्यात आमची लग्नपत्रिकांची प्रेस. मी लग्न होऊन आले तेव्हा मामंजी होते, त्यांनीच मला टायपिंग शिकवलं. ते गेल्यावर मशीन आमच्या ह्यांनी आणि सुहासभाऊजींनी, म्हणजे मृणालच्या नवऱ्यानं, सांभाळलं, पण पत्रिका जुळवायची ती मी. माणसं दारातून आत आली की विचारायची, "हेमावहिनी आहेत का?" कारण पत्रिका म्हणजे नुसतं टायपिंग नव्हे. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, यावरून मी भावाभावांत बोलणं बंद झालेलं पाहिलंय. थोरल्या चुलत्याचं नाव धाकट्या मामाच्या खाली गेलं म्हणून एक गृहस्थ आमच्या प्रेसमध्ये येऊन छापलेला गठ्ठा फेकून गेले होते. मी मजकूर बघितला की विचारायची, "ह्यात आत्याबाई कुठायत?" आणि समोरचा माणूस कपाळाला हात लावायचा. असा माझा दबदबा होता.

मग मृणाल आली. तिनं सासूबाईंना मोबाईलवर बहिणीचं तोंड बघायला शिकवलं. झालं! त्या दिवसापासून "मृणाल, मृणाल" सुरू. तिनं एकदा पाटवडीचा रस्सा केला तर सासूबाई शेजारपाजारी सांगत सुटल्या, "आमच्या मृणालच्या हाताला काय चव आहे म्हणून सांगू!" मी इतकी वर्षं त्या घरात भाकऱ्या थापतेय, माझ्या हाताला चव आहे की नाही हे मला अजून कळलेलं नाही.

लॅपटॉप त्या साली पाडव्याला घेतला. माझ्यासाठी घेतला. जुना कॉम्प्युटर पार दमला होता. माझं मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर जुनं, ते विंडोजवरच चालतं. मृणालला नोकरी शोधायची होती, घरी बसून करायची कॉम्प्युटरची नोकरी, आणि तिला त्यासाठी विंडोज नको, लिनक्स पाहिजे होतं, कॉम्प्युटर चालवणारी दुसरी व्यवस्था. सासूबाईंनी निकाल देऊन टाकला.

"दोघींनी मिळून वापरा की. एवढं मोठं मशीन आहे."

जसं काही ते जातं होतं, की दोघींनी खुंटा धरावा!

मृणालनं एका दुपारी बसून माझ्या विंडोजच्या शेजारी तिचं लिनक्स टाकलं. तुमच्या एका फाईलला धक्का लागणार नाही म्हणाली, आणि खरंच लागला नाही. मला खुर्चीत बसवून समजावलं, "वहिनी, आता चालू केलं की आधी एक यादी येईल. बूट लोडर म्हणतात त्याला, ह्याचं नाव ग्रब. दारात उभा असलेला माणूस समजा. तो विचारतो, कुणाकडं जायचं? खालच्या बाणानं नाव निवडायचं आणि एंटर दाबायचं."

यादी आली. सगळ्यात वर तिचं. त्याखाली आणखी काहीतरी तिचंच. आणि तळाला विंडोज.

"माझं खाली का?"

"ते आपोआप येतं न वहिनी. ज्यानं यादी बनवली, तो स्वतःला वर घेतो."

"आणि मी काहीच दाबलं नाही तर?"

"तर थोडा वेळ थांबून वरच्यात जातं."

म्हणजे तिच्यात. लॅपटॉप माझा, टेबल माझं, खुर्ची माझी, आणि रोज सकाळी मला बाण दाबत दाबत खाली उतरायचं. जरा चहाचा कप उचलायला वळलं की मशीन तिच्या घरात शिरलेलं. मग परत बंद करा, परत चालू करा. मी तिला एकदा नव्हे, तीनचारदा ऐकवलं, "आमच्या पत्रिकेत असं झालं असतं तर लग्न मोडलं असतं!" ती हसायची. ह्या हसण्याचा मला फार राग यायचा.

आणि मग खंडेनवमी आली.

आमच्यात खंडेनवमीला मशीनची पूजा होते. सगळं पुसून, हार घालून, हळदकुंकू वाहून ठेवायचं आणि दसरा उजाडेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. मामंजी गेल्यापासून ही पूजा मी करते. सासूबाई बाजूला बसून सांगायच्या आणि मी करायची. त्या दिवशी मी नवी साडी नेसून, केसात फुलं माळून प्रेसमध्ये आले तर ताम्हन मृणालच्या हातात.

"यंदा तिला करू दे," सासूबाई म्हणाल्या. "पहिला दसरा आहे तिचा. लॅपटॉपचाही पहिलाच आहे."

"करू दे की," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तोंड भरून हसलेसुद्धा.

तिनं सगळं मन लावून केलं. तिच्या माहेरी अक्षता हळदीच्या, पिवळ्या. आमच्यात कुंकवाच्या, तांबड्या. सासूबाई एरवी मीठ जरा उजवीडावीकडं झालं तरी बोलतात, पण त्या दिवशी म्हणाल्या, "राहू दे, पिवळ्या तर पिवळ्या. देवाला काय त्याचं!" लॅपटॉप तिनं मिटूनच ठेवला. वरून गंध लावलं, फूल ठेवलं, झाकणावर चिमूटभर पिवळ्या अक्षता टाकल्या. नमस्कार केला.

मी दारात उभी राहून ते बघत होते आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. जेवताना घास उतरेना. दुपारी सगळे पडले, तशी मी उठले. देवघरातून माझ्या तांबड्या अक्षता घेतल्या आणि प्रेसमध्ये गेले. छपाई मशीनला माझ्या हातानं पुन्हा कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मग लॅपटॉप. आमच्यात मशीनचं तोंड मिटून पूजत नाहीत. मामंजी म्हणायचे, जिथून अक्षर उमटतं तिथं कुंकू लागलं पाहिजे. मी झाकण उघडलं, बटणांवर चांगल्या मूठभर अक्षता वाहिल्या, हात जोडले, वरवर झटकून परत मिटलं. तिचं फूल होतं तसं वर ठेवून दिलं. मग मला दोन घास गोड लागले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो काळा पडदा.

आमचे हे मशीनपाशी शाई भरत होते. हात पुसत आले, पडदा बघितला आणि म्हणाले, "सांगलीला माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. आज दसरा, तो येणार नाही. उद्या बोलावतो. सगळं पुसून नुसतं विंडोज टाकून देईल. ही दोन-दोन भानगड नकोच आता."

"भाऊजी, पुसलं तर वहिनींच्या पत्रिका पण जातील," मृणाल म्हणाली.

तेव्हा मात्र मी खुर्चीत सरळ झाले. घोरपड्यांची पत्रिका त्यातच होती. मुलीच्या लग्नाची. घरातल्या नावांवरून चार वेळा बदललेली, शेवटी सगळ्यांचं समाधान होऊन जुळलेली. घोरपडे दुपारी बाराच्या सुमारास येणार होते. दसऱ्याच्या मुहूर्तावर पत्रिका डोळ्यांनी बघायची आणि छपाईला हो म्हणायचं, असं त्यांच्या मनात होतं.

"आणि तुझं?" मी विचारलं. खरं म्हणजे मला ठाऊक होतं. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता.

"माझी परीक्षा आहे न वहिनी. बारालाच."

परदेशातली कंपनी. त्यांना कसला दसरा! ह्या परीक्षेत पास झाली की नोकरी पक्की, असं तिला कळवलेलं. परीक्षा द्यायची ती तिच्या लिनक्समधून, तिनं केलेलं सगळं काम त्यातच होतं. चुकली तर परत संधी नाही. गावातली कॉम्प्युटर दुरुस्तीची दुकानं बंद. दुसरा लॅपटॉप मागायचा तरी कुणाकडं आणि त्यात सगळं परत मांडायचं तरी कधी?

"बघ बाई," मी म्हणाले. "मी आधीच सांगत होते."

सासूबाई पदराला हात पुसत आल्या. त्यांना सगळं परत सांगून झालं. त्या म्हणाल्या, "मृणाल, तू एवढी शिकलेली, तुला कळायला नको? दुसऱ्याच्या वस्तूत असं करायचं नसतं."

"आई, मला थोडा वेळ द्या. बघते मी."

मी खुर्चीतून उठले नाही. तिनं एक स्टूल ओढलं आणि शेजारी बसली. मी तिला मदत करायला बसले होते म्हणाल तर नाही. मला बघायचं होतं. इतके दिवस सगळ्यांनी तिला डोक्यावर घेऊन नाचवलं, आता बघू या म्हटलं.

ती त्या काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप करायला लागली. दोनचार अक्षरं उमटायची आणि ओळच नाहीशी व्हायची. परत टाइप, परत नाहीशी. मग तिनं दप्तरातून एक पेनड्राइव्ह काढला.

"हे काय?"

"ह्यात वेगळं लिनक्स आहे, वहिनी. नुसतं दुरुस्तीसाठी. डिस्क बिघडली असली तरी ह्याच्यावरून लॅपटॉप चालू होतो. मग आतला बूट लोडर नीट करता येतो."

पेनड्राइव्ह लावला, लॅपटॉप चालू केला. आम्ही दोघी टक लावून बसलो. काळा पडदा. 'ग्रब'. बाणाचं टोक.

तिचा चेहरा उतरला. आणि काय सांगू, त्याच क्षणी सासूबाई चहा घेऊन आल्या. एक कप. तो त्यांनी मृणालच्या पुढ्यात ठेवला.

"घे. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

आत्ताच तिला बोलून गेल्या होत्या ना ह्या? मग चहा कशाचा? आणि माझ्या पोटात काय पुरणपोळ्या होत्या? मी खुर्चीत बसल्या बसल्या पेटले. तिनं तो कप माझ्याकडं सरकवला, "वहिनी, तुम्ही घ्या न." मी घेतला नाही. मला तिच्या हातचा उरलेला मान नको होता. चहा तसाच गार झाला.

मृणाल कपाळाला बोटं लावून विचार करत होती. मग हळूच म्हणाली, "वहिनी, हे बघा. पेनड्राइव्हवर तुमचं विंडोज नाही. माझं लिनक्स पण नाही. त्याचा ग्रबसुद्धा वेगळा, आतल्या डिस्कशी त्याचा काही संबंधच नाही. तरी तोच पडदा येऊन राहिला. मग भांडण ह्या दोघांचं नाहीच. तुमचंही नाही, माझंही नाही. काहीतरी बाहेरचं आहे."

"बाहेरचं म्हणजे? करणी?"

"नाही हो! कुणीतरी मधेच रद्द, रद्द करून राहिलं. यादी यायच्या आधीच." ती अक्षर टाइप करून बघत होती. "मी तर काही दाबलं नाही."

मला तिच्या त्या शांतपणाचा इतका संताप आला! एवढं सगळं कोसळतंय, सगळे बोलतायत, आणि ही बाई गणित सोडवतेय. मी काहीतरी बोलायला शोधतच होते.

"ते राहू दे. आणि माझ्या कीबोर्डाचं काय करून ठेवलंस? हे कोपऱ्यातलं बटण बघ, कसं खाली बसलंय. तुझ्या आधी सगळी बटणं एका पातळीत होती."

ती चमकली. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातलं एस्केपचं बटण. रद्द करायचं बटण. तिनं त्यावर बोट ठेवलं, दाबलं. ते हललंच नाही.

"वहिनी!" ती जवळजवळ ओरडली. "एस्केप दाबलेलंच आहे! म्हणूनच यादी येत नाही. यादी आली की हे तिला रद्द करतं आणि आपण ह्या काळ्यात पडतो. वहिनी, तुमच्या केसातला आकडा द्या न."

मी अंबाड्यातला आकडा काढून दिला. तिचा आवाज ऐकून आमचे हे आले, सासूबाई झारा हातात घेऊनच आल्या. मृणालनं बटणाखाली आकडा घातला, अलगद उचलला. टक्कन आवाज झाला आणि बटणाची टोपी टेबलावर पडली.

आत तांदळाचा एक दाणा होता. तुटलेला, चेपलेला. तांबडा.

मी तिच्या शेजारीच होते, मला स्पष्ट दिसला. ह्यांना आणि सासूबाईंना मृणालच्या डोक्याआडून काही दिसत नव्हतं. मृणालनं दाणा बोटाच्या टोकावर घेतला. त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. अगदी क्षणभर. आणि सासूबाई पुढं वाकल्या तशी तिनं बोट तोंडात घातलं आणि तो दाणा गिळून टाकला.

"काय होतं गं?"

"अक्षता होती, आई. माझीच. काल पूजा करताना पडली असेल. पिवळी होती."

"अगं पण मशीनच्या पोटात अक्षता टाकतात होय?" सासूबाईंनी झारा कमरेवर ठेवला. "आणि आम्ही इथं सकाळपासून लिनक्स का काय त्याला शिव्या घालतोय!"

"हो न आई. चुकलं माझं."

हे हसायला लागले. "घ्या! पूजेनंच मशीन बसलं! मृणाल, पुढच्या वर्षी लांबूनच नमस्कार कर हो."

आणि सासूबाईसुद्धा हसल्या! रागावल्या नाहीत. "असू दे, पहिलीच वेळ आहे तिची," असं म्हणून त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पाठीवरून हात! म्हणजे चूक करूनसुद्धा कौतुक तिचंच. आणि चूक तरी कुठली? माझी! माझ्या हातची अक्षता, माझ्या घरची, तांबडी. तिनं स्वतःच्या नावावर घेतली, गिळली, आणि वर सगळ्यांच्या नजरेत आणखी गोड झाली. मी गप्प बसले असते तर सुटले असते. सगळे हसून मोकळे झालेच होते. पण माझ्या डोक्यात एकच भरलं, की आता हेही तिचंच? पूजा तिची, चहा तिचा, पाठीवरचा हात तिचा, आणि वर माझ्यावर उपकार करून मोठेपणाही तिचाच? ते मी कसं होऊ देईन!

"तांबडी होती!" मी ओरडले. "पिवळी नव्हती! माझी होती ती अक्षता!"

सगळे माझ्याकडं वळले.

"नाही वहिनी, पिवळी होती," मृणाल म्हणाली. माझ्याकडं बघून ती डोळ्यांनी नको नको करत होती.

"खोटं बोलू नकोस! बोट दाखव तुझं!"

तिनं हात मागं घेतला. मी धरला. ती ओढायला लागली, मी सोडेना. दसऱ्याच्या सकाळी दोन जावा एका तांदळाच्या दाण्यावरून झोंबल्यात, असं ते दृश्य. शेवटी सासूबाईंनी तिचा हात धरून उजेडात बघितला. बोटाच्या टोकाला कुंकू लागलेलं होतं.

"बघा!" मी म्हणाले. खटला जिंकल्यासारखी म्हणाले.

"हेमा, पण पूजा तर तिनं केली होती. तू कधी टाकलीस?"

"दुपारी! तुम्ही सगळे झोपल्यावर! तिनं मिटून ठेवला होता लॅपटॉप. मी उघडला, मी टाकल्या बटणांवर!"

"पण का?"

"कारण ती पूजा माझी आहे!" आणि मग जे आलं ते सगळंच आलं. "मामंजी गेल्यापासून मी करते. तुम्ही काढून तिला दिलीत. मला एका शब्दानं विचारलं का? नवी साडी नेसून आले होते मी! घरात ती आल्यापासून मी आहे की नाही हे तरी ठाऊक आहे का कुणाला? ह्या मशीनमध्येसुद्धा माझं नाव तळाला! जळते मी तिच्यावर. हो, जळते! काय करायचं ते करा."

ह्यांनी शाईचा डबा उचलला आणि उगाच दुसऱ्या ठिकाणी ठेवला. मला रडू फुटलं नाही, पण नाक वाहायला लागलं, ते मी पदरानं पुसलं.

सासूबाईंनी झारा टेबलावर ठेवला. मग साध्या आवाजात म्हणाल्या, "अगं, मागल्या दसऱ्याला तूच म्हणालीस ना, सगळी मशीनं पुसून पुसून माझी पाठ मोडते, आता बास झालं म्हणून. ते माझ्या लक्षात होतं. म्हटलं यंदा तुला बसू द्यावं."

म्हणाले होते मी. दरवर्षी म्हणते. म्हणून काय ते खरं धरायचं?

"आई, पोळी करपून राहिली," मृणाल म्हणाली, आणि सासूबाई "अगं बाई!" करत आत पळाल्या. आमचे हेही त्यांच्यामागं गेले. त्यांना पोळीशी काही काम नव्हतं.

आम्ही दोघीच उरलो. तिनं बटणाची टोपी हातात घेतली, आत फुंकर मारली, बसवायला गेली तर बसेना, म्हणून तशीच बाजूला ठेवली. माझ्याकडं बघितलं नाही. मीही तिच्याकडं बघितलं नाही. मग तिनं लॅपटॉप चालू केला.

यादी आली.

मी डोळे चोळून परत बघितलं. रोजची यादी नव्हती ती. रोज तिथं ती इंग्रजी मशीनची नावं असायची. आता तिथं दोनच ओळी होत्या. इंग्रजी अक्षरांतच, पण मला वाचता येण्यासारख्या. वरच्या ओळीत लिहिलं होतं, वहिनी. आणि खाली, मृणाल.

"हे कधी केलंस?"

"अष्टमीला." ती अजूनही कीबोर्डाकडंच बघत होती. "रोज तुम्हाला खाली यावं लागायचं न. तुम्ही म्हणाल्या होत्या, पत्रिकेत असं झालं असतं तर लग्न मोडलं असतं. मग मी शोधून काढलं, वर कसं घ्यायचं ते. आता काही नाही दाबलं तर तुमच्यातच जातं. तुम्हाला आज दाखवणार होते. सकाळी तुमच्या मागं त्याच्याचसाठी उभी होते."

वहिनी ह्या नावावर पांढरी पट्टी होती. खाली आकडे उलटे पडत होते. पट्टी हलवली नाही तर मशीन आपणहून माझ्या घरात जाणार होतं. भिंतीवरचं घड्याळ बाराला टेकत आलं होतं. घोरपडे निघाले असतील. त्यांच्या मुलीची पत्रिका वरच्या ओळीत, हिची परीक्षा खालच्या ओळीत. आणि मृणालचे दोन्ही हात मांडीवर. ती बटणाला हात लावत नव्हती. माझा लॅपटॉप होता ना. ती वाट बघत होती, आणि आकडे संपत आले होते, तरी एक शब्द बोलत नव्हती.

अशा बाईवर माणसानं सुखानं जळायचं तरी कसं, सांगा!

मी हात पुढं केला आणि खालचा बाण दाबला. पट्टी खाली तिच्या नावावर आली. मग एंटर दाबलं.

"वहिनी, घोरपडे येतील न आता."

"येऊ देत. त्यांना पुरणपोळी वाढते, बसतील. खाऊन झाल्याशिवाय उठणारा माणूस नाही तो." मी खुर्चीतून उठले. "बस इथं. त्या स्टुलावर बसून परीक्षा द्यायची म्हणजे तुझीही पाठ मोडेल."

ती बसली. मी तो गार झालेला चहा उचलला, गरम करून आणावा म्हणून दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"आणि त्या एस्केपला हात लावू नकोस," मी म्हणाले. "टोपी नाहीये त्याला."